प्रवासात पोलीस स्कॅनर: बाळगणं, ऐकणं आणि ऐकवणं

पोलीस स्कॅनर हे यंत्र आपल्यापैकी बहुतेकांनी इंग्रजी सिनेमातच पाहिलं असेल. वॉकीटॉकीएवढा डबा, वर एक अँटेना. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका ज्या रेडिओ लहरींवर एकमेकांशी बोलतात त्या लहरी तो एकामागून एक चाळत जातो आणि जिथे कुणी बोलत असेल तिथे थांबतो. त्यातून बोलता येत नाही, फक्त ऐकता येतं. अमेरिकेत तो दुकानात उघडपणे मिळतो. निवृत्त माणसं, वार्ताहर, वादळ-पुराच्या भागात राहणारे लोक तो घरात लावून ठेवतात.

माझा एक जुना विद्यार्थी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. त्या गावात मराठी माणसं इतकी आहेत की वाणसामानाच्या दुकानातही मराठी कानावर पडतं. त्याला लहानपणापासून रेडिओचा नाद. त्याने असा स्कॅनर घेतला. आता बायकोमुलांना घेऊन गाडीने नायगरा बघायला जायचंय, पुढे हिवाळ्यात फ्लोरिडाला. त्याचा निरोप आला: "सर, स्कॅनर गाडीत ठेवला तर काही अडचण नाही ना? मी काही चुकीचं करत नाहीये." 

मी मराठी आणि उर्दू शिकवतो, कायदा नाही. पण कायद्याचं कलम म्हणजे शेवटी एक वाक्यच असतं आणि वाक्यातलं क्रियापद शोधणं हे माझं रोजचं काम. त्याच्या प्रश्नाच्या निमित्ताने मी निरनिराळ्या ठिकाणचे नियम वाचत गेलो. सगळा गोंधळ तीन क्रियापदांत आहे असं लक्षात आलं: बाळगणं, ऐकणं आणि ऐकवणं. कुठे यंत्र जवळ असणं हाच गुन्हा, कुठे जवळ असलं तरी चालतं पण ऐकणं गुन्हा, तर कुठे ऐकलं तरी चालतं पण ऐकलेलं दुसऱ्याला सांगणं किंवा त्याचा गैरफायदा घेणं गुन्हा. प्रवासी जेव्हा हद्द ओलांडतो तेव्हा त्याच्या बॅगेतला डबा तोच राहतो, क्रियापद मात्र बदलतं.

अमेरिकेचा केंद्रीय कायदा आधी पाहू. १९३४ च्या दळणवळण कायद्याचा रोख ऐकवण्यावर आहे: आपल्यासाठी नसलेला रेडिओ संदेश पकडून तो इतरांना सांगू नये, त्यातून स्वतःचा लाभ करून घेऊ नये. १९८६ च्या कायद्याने आणखी स्पष्ट केलं की पोलीस-अग्निशमन यांचं जे बोलणं सर्वांना सहज ऐकू येईल अशा पद्धतीने प्रक्षेपित होतं, ते ऐकणं बेकायदा नाही. जे सांकेतिक करून, म्हणजे कुलूपबंद करून पाठवलं जातं, त्याला ही सवलत नाही. मोबाइल फोनवरची खासगी संभाषणं ऐकू येतील असे स्कॅनर बनवायला आणि बाहेरून आणायला १९९४ पासून बंदी आहे. त्यामुळे दुसऱ्या देशात घेतलेला जुना स्कॅनर बॅगेत टाकून अमेरिकेत उतरणं हेही धोक्याचं.

इतकं वाचून माझ्या विद्यार्थ्यासारखा कुणीही म्हणेल, मग झालं की! पण तिथे राज्यांचे कायदे वेगळे आहेत आणि ते मुख्यतः गाडीबद्दल आहेत. घरात टेबलावर ठेवलेल्या स्कॅनरला फारसं कुणी विचारत नाही. तोच डबा गाडीत गेला की काही राज्यांत तो गुन्ह्याचं साधन मानला जातो. न्यू यॉर्कच्या वाहन कायद्याचं कलम ३९७ सांगतं की पोलिसांच्या लहरी पकडणारा रेडिओ परवान्याशिवाय गाडीत बसवू नये, वापरू नये. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही. फ्लोरिडात असं यंत्र वाहनात बसवायला किंवा वाहनातून न्यायला मनाई आहे. इंडियाना आणि केंटकीत याच धर्तीचे निर्बंध आहेत. मिनेसोटात गाडीत असं यंत्र ठेवायला परवाना लागतो. आणि शेजारच्या न्यू जर्सीत? तिथे कायदा म्हणतो की गुन्हा करताना असं यंत्र जवळ असेल तर तो आणखी एक गुन्हा. म्हणजे नुसतं जवळ असणं पुरेसं नाही.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क शहर यांच्यामध्ये हडसन नदी आहे. पूल ओलांडायला काही मिनिटं लागतात. पुलाच्या अलीकडे जो माणूस छंदिष्ट आहे, तोच पलीकडे आरोपी होऊ शकतो. त्याने काहीही केलेलं नाही, फक्त पूल ओलांडला. "मी काही चुकीचं करत नाहीये" हे वाक्य अलीकडच्या काठावर खरं आहे. पलीकडे त्याला अर्थ नाही, कारण तिथे प्रश्न काय करत होतास हा नसून गाडीत काय होतं हा आहे.

ही राज्यं इतकी कडक का, हेही समजून घ्यायला हवं. १९२८ मध्ये डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी गस्तीच्या गाड्यांना रेडिओवरून संदेश द्यायला सुरुवात केली. ते बोलणं नेहमीच्या रेडिओ केंद्रांच्या लगतच्या लहरींवर असायचं. १९३० च्या दशकातल्या घरगुती रेडिओंच्या तबकडीवर चक्क 'पोलीस' असं लिहिलेलं असे. साहजिकच दरोडेखोरही ऐकू लागले. पोलीस निघाले कधी, येतायत कुठून, हे पळणाऱ्याला गाडीत बसून कळत होतं. म्हणून कायद्याने गाडी पकडली. दुसरीकडे वीजी या नावाने गाजलेल्या छायाचित्रकाराला १९३८ मध्ये न्यू यॉर्कमध्ये पोलीस रेडिओ बाळगायची परवानगी मिळाली आणि घटनास्थळी पहिला पोहोचून त्याने त्या शहराची रात्र जगाला दाखवली. एकच यंत्र, दोन वापर. म्हणूनच मला वाटतं की यंत्रावर बंदी घालणारा कायदा आळशी कायदा आहे. माणसाने त्या यंत्राचं काय केलं हे सिद्ध करण्याची मेहनत त्याला नको असते.

ब्रिटनमध्ये गोष्ट पुन्हा वेगळी. तिथे स्कॅनर विकत घेणं, घरी ठेवणं गुन्हा नाही. पण २००६ च्या बिनतारी कायद्याचं कलम ४८ सांगतं की जो संदेश तुमच्यासाठी नाही तो कळावा या हेतूने यंत्र वापरणं हा गुन्हा आहे. तिथे 'ऐकणं' हेच क्रियापद पकडलंय. आखातात आपल्या कोकणातली कितीतरी कुटुंबं नोकरीधंद्यासाठी आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं की संयुक्त अरब अमिरातीत बिनतारी उपकरणं आत आणायला तिथल्या दूरसंचार नियामकाची मान्यता लागते. तिथे क्रियापद 'बाळगणं'ही नाही, त्याच्याही आधीचं 'आणणं' आहे.

आणि आपला देश? आपल्याकडे मुळापासून बाळगण्यावरच बोट आहे. १९३३ चा भारतीय बिनतारी तारयंत्र कायदा सांगत होता की परवान्याशिवाय कुणीही बिनतारी यंत्र बाळगू नये. वयस्कर वाचकांना आठवत असेल, घरात साधा रेडिओ असला तरी पोस्टात जाऊन त्याचं लायसन भरावं लागायचं. बिनाका गीतमाला ऐकायलाही सरकारचा कागद! ती पद्धत १९८० च्या दशकात गेली, पण त्यामागची वृत्ती राहिली. परकीय सरकारचं एक वेळ समजू शकतं. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तेव्हा सरकारने त्यांना हुडकून तुरुंगात टाकलं. अशा राज्यकर्त्याला प्रजेच्या हातातला प्रत्येक डबा संशयास्पदच वाटणार. पण स्वतंत्र देशाच्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगायला अधिकृत परवानगी हवी हे सूत्र कायम आहे. तो कायदा २६ जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. परवानगी किंवा सूट नसताना उपकरण बाळगलं तर पहिल्या वेळी ५० हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी २ लाखांपर्यंत दंड त्याने ठरवलाय. बेकायदा संदेश पकडला तर तीन वर्षांपर्यंत कैद, २ कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही.

त्या जुन्या कायद्यातली एक तरतूद प्रवाशाने विसरू नये. यंत्र एखाद्याच्या ताब्यात असल्याचं दिसत असेल, तर ते त्याच्याच ताब्यात आहे असं न्यायालय गृहीत धरू शकतं. आपल्याकडे परदेशातून येणाऱ्या माणसाच्या हाती सगळा मोहल्ला पार्सल देतो. "भाईजान, एवढं छोटं पाकीट घेऊन जा, घरचे स्टेशनवर येतील." त्या पाकिटात काय आहे हे संकोचाने कुणी विचारत नाही. विमानतळावर ते उघडलं की ते देणाऱ्याचं राहत नाही, नेणाऱ्याचं होतं. स्कॅनर असो, वॉकीटॉकी असो की सॅटेलाइट फोन, विचारायचा संकोच बाळगू नका. बाळगायचंच झालं तर तेवढं बाळगू नका!

सॅटेलाइट फोनचं उदाहरण ताजं आहे. भारतात सरकारच्या परवानगीशिवाय तो आणता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन प्रवासी महिलेला अडवून पोलिसांकडे देण्यात आलं. तिच्याजवळ डोंगरात भटकणारे लोक संकटात निरोप पाठवायला वापरतात ते उपग्रहाशी जोडलेलं छोटं यंत्र होतं. तिच्या देशात ते खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळतं. जे यंत्र जीव वाचवायला घेतलं, त्यानेच ती अडचणीत आली. दुसऱ्या बाजूला आपल्याच देशात वॉकीटॉकी ऑनलाइन सर्रास विकले जात होते. कुठल्याला परवाना लागतो, कुठल्याला नाही, हे लिहिलेलं नसायचं. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ ऑनलाइन मंचांना नोटिसा काढल्या. नियम असा आहे की ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणाऱ्या कमी शक्तीच्या संचांना परवान्यातून सूट आहे, तीही मान्यताप्राप्त संच असेल तर. बाकीचे अनेक स्वस्त संच पोलीस वापरतात त्या लहरींपर्यंत पोहोचतात. ट्रेकला, लग्नाच्या मांडवाला, उरुसाच्या बंदोबस्ताला म्हणून पोरं ते मागवतात. आपण स्कॅनर विकत घेतलाय हे त्यांना माहीतही नसतं. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या बॅगेत पेन ड्राइव्हएवढा रेडिओ रिसीव्हर असतो, लॅपटॉपला लावला की तोही हेच काम करतो.

आता तिसरं क्रियापद, ऐकवणं. उर्दूत 'सुनना' आणि 'सुनाना' यांच्यात एका काना-मात्रेचा फरक आहे. व्यवहारात तो फरक माणसाच्या जिवाएवढा होऊ शकतो. एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. आरोपींचा शोध चालू असताना असंख्य लोक पोलिसांचा रेडिओ ऐकत होते आणि ऐकलेलं लगेच समाजमाध्यमांवर टाकत होते. बॉस्टन पोलिसांना जाहीर विनंती करावी लागली की झडती कुठल्या घरांत चालू आहे ते सांगत बसू नका, आमच्या माणसांचे जीव धोक्यात येतात. त्याच रात्री एक नाव फिरलं. पोलीस रेडिओवर हेच नाव ऐकलं असं लोक सांगू लागले. ते नाव भारतीय वंशाच्या एका बेपत्ता विद्यार्थ्याचं होतं. त्याचा स्फोटांशी काही संबंध नव्हता. काही दिवसांनी त्याचा मृतदेह नदीत सापडला. मुलाला शोधत असलेल्या आईवडिलांना मधले दिवस शिव्याशाप ऐकावे लागले. कानावर काय पडलं, याच्या खात्रीविना तोंडाने काय केलं ते हे.

आपणही हे पाहिलंय. २६/११ च्या वेळी वाहिन्यांनी कमांडोंची हालचाल थेट दाखवली, तिचा फायदा पलीकडे बसलेल्यांना झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात त्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. तेव्हा कुणाच्या हातात स्कॅनर नव्हता. नुकसान झालं ते ऐकवण्या-दाखवण्याने. म्हणून माझं मत असं की कायद्याने तिसऱ्या क्रियापदाला पकडावं आणि गुन्ह्यासाठी केलेल्या वापराला पकडावं. पहिल्या क्रियापदाला, नुसत्या बाळगण्याला, तुरुंगाची भीती घालू नये. न्यू जर्सीचं कलम मला शहाणपणाचं वाटतं ते यामुळे.

इथे माझ्या वाचकांपैकी काहींच्या मनात एक गोष्ट आली असेल. मीच ती बोलतो. कायदा सगळ्यांना एक आहे, पण रस्त्यावरची पहिली दहा मिनिटं सगळ्यांना एक नसतात. दोन गाड्यांत एकच यंत्र सापडलं, एका चालकाचं नाव साधं वाटलं आणि दुसऱ्याचं अधिकाऱ्याने दोनदा वाचलं, तर पहिल्याला "हे काय आहे?" असं विचारलं जातं आणि दुसऱ्याला "हे कशासाठी आहे?" असं. फरक एका शब्दाचा, पण दुसऱ्या प्रश्नात उत्तर आधीच गृहीत धरलेलं असतं. हे न्यू यॉर्कला घडतं तसं आपल्याकडच्या स्टेशनवरही घडतं. एडिसनच्या घरात मागच्या सीटवर दोन लहान मुलं बसलेली असणार. त्यांच्यासमोर बापाला गाडीतून उतरवलं जाणं ही दंडाच्या रकमेत न मोजता येणारी शिक्षा आहे.

यावर दोन टोकांची उत्तरं मी नेहमी ऐकतो. एक म्हणतो, आपल्या पोरांनी असल्या भानगडीत पडूच नये, छंदच नको. दुसरा म्हणतो, मी गुन्हा केलेला नाही, मी का घाबरू, बघू कोण अडवतं. पहिलं उत्तर आपल्या मुलांचं जग लहान करतं. रेडिओ, ड्रोन, दुर्बीण, रसायनशास्त्र, प्रत्येक गोष्ट 'आपल्यासाठी नाही' म्हणत गेलो तर उरतं काय? दुसरं उत्तर शूर वाटतं, पण रस्त्याच्या कडेला रात्री अकरा वाजता कायद्याच्या अन्यायाचा निकाल लागत नसतो. तो लागतो न्यायालयात, विधिमंडळात, वर्तमानपत्रात. तिथे जरूर भांडा. गाडीतून मात्र स्कॅनर उतरवून ठेवा.

माझा मार्ग मधला नाही, तिसरा आहे: कागद. ज्याला खरोखर रेडिओची आवड आहे त्याने हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना काढावा. भारतात वयाची बारा वर्षं पूर्ण झालेलं मूलही ती परीक्षा देऊ शकतं. त्यात सर्वसाधारण आणि मर्यादित असे दोन वर्ग आहेत. २००१ च्या भुज भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत टेलिफोन मुके झाले तेव्हा याच हौशी लोकांनी निरोप पोहोचवले. अमेरिकेत तर ही परीक्षा द्यायला नागरिकत्वाची अट नाही. पहिल्या पायरीला ३५ प्रश्न असतात, २६ बरोबर आले की उत्तीर्ण. तिथल्या केंद्रीय आयोगाने १९९३ मध्ये निर्णय दिला की हौशी परवानाधारकाच्या रेडिओवर पोलिसांच्या लहरीही ऐकू येतात, एवढ्या कारणाने राज्यांनी त्याला तो गाडीत बाळगायला मनाई करू नये. हा परवाना म्हणजे पोलिसांचं बोलणं ऐकायची मोकळीक नाही, भारतात तर मुळीच नाही. पण "हे कशासाठी आहे?" या प्रश्नाला तोंडी खुलाशापेक्षा खिशातला सरकारी कागद अधिक चांगलं उत्तर देतो.

माझ्या विद्यार्थ्याला मी एवढंच कळवलं: परवाना मिळेपर्यंत स्कॅनर घरात टेबलावर राहू दे. नायगऱ्याला नेऊ नकोस, फ्लोरिडाला तर नाहीच. कुठल्याही प्रवासाआधी वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम वाच, फक्त निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या ठिकाणाचा नको. आणि कधी काही कानावर पडलंच, तर ते कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नकोस.

सरकारकडेही एक मागणी आहे. फक्त ऐकणारं यंत्र आणि बोलणारं यंत्र यांत १९३३ चा कायदासुद्धा फरक करायचा. नुसत्या ताब्याला शंभर-अडीचशे रुपये दंड आणि प्रक्षेपकाला तीन वर्षांपर्यंत कैद. तो फरक नव्या नियमांत स्पष्ट शब्दांत यावा. विक्रेत्याने खोक्यावर मराठीत आणि हिंदीत छापावं: याला परवाना लागतो, किंवा लागत नाही. विमानतळावर पाण्याची बाटली आणि लायटर यांच्या चित्रांशेजारी या यंत्रांचंही चित्र लावावं. नियम माहीत नसणं ही सबब नाही असं कायदा म्हणतो, ठीक आहे. पण मग तो नियम सामान्य माणसाला वाचता येईल अशा भाषेत आणि दिसेल अशा जागी लावणं ही कायद्याची जबाबदारी आहे. ती पूर्ण होईपर्यंत आपल्या बॅगेची जबाबदारी आपणच घेतलेली बरी.